विजेची करवत आणि वाचनालयाचं दार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा सुतार राहत होता. नाव शिदबा. वय पस्तीस. मिशा भरघोस. सांगाल ते ऐकायचा. अडचण एवढीच होती, की सांगाल तेवढंच ऐकायचा.

तो दौलूमामाच्या हाताखाली काम करायचा. दौलूमामा म्हणजे त्याच्या आईचा भाऊ. पंचक्रोशीत नावाजलेला सुतार. त्या वर्षी गावात वाचनालय बांधलं, आणि त्याच्या दाराचं काम मामाकडे आलं. लाकूड दिलं अनसूयाबाईंनी. बाईंनी गावातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली होती. त्यांच्या अंगणातला साग वादळात पडला होता. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेला. बाई म्हणाल्या, "याचं दार करा. रोज मुलं उघडतील." त्या सागाच्या फळ्या निघाल्या एका दारापुरत्या. एकही जास्त नाही.

आणि नेमकं तेव्हाच मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर मशीनला हात लावायला मनाई केली. मामानं नवीकोरी विजेची करवत शिदबाच्या हातात दिली आणि स्वतः हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसला.

"शिदबा, ही खेळणं नाही. पात्याला हात लावायच्या आधी प्लग काढायचा. कितीही घाई असो. आधी प्लग, मग पातं."

"आधी प्लग, मग पातं," शिदबा म्हणाला.

दुपारी हौसामामीनं त्याला हाक मारली. "शिदबा, विळीला धार राहिली नाही रे. जरा लावून दे."

शिदबा विळीजवळ गेला. पातं दिसलं. प्लग दिसला नाही. त्यानं विळी उलटी करून बघितली, पाटाखाली बघितलं. मग विचार केला, कुठला तरी असेलच. त्यानं घरातले सगळे प्लग काढले. फ्रिजचा काढला, मिक्सरचा काढला, पाण्याच्या मोटरचाही काढला. विळीला झकास धार लावली आणि घरी निघून गेला.

सकाळी दूध नासलेलं. टाकी रिकामी. मामी विळी हातात घेऊनच दुकानात आली.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, विळी काय फिरते का? मी फिरणाऱ्या पात्याचं सांगत होतो! मशीन बंद केलं तरी पातं फिरत राहतं. फिरणारी वस्तू पूर्ण थांबेपर्यंत तिला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं."

"लांब उभं राहायचं," शिदबा म्हणाला.

त्याच दिवशी मामानं त्याला स्कूटर देऊन तालुक्याला पाठवलं. बिजागऱ्या आण, कडी आण, पॉलिश आण. शिदबानं सगळं आणलं. येताना ओढ्याच्या उतारावर स्कूटर उभी केली आणि पाणी प्यायला उतरला. स्कूटर हळूच निघाली. शिदबानं पाहिलं. चाकं फिरत होती. तो दोन पावलं मागे सरकला आणि हात पाठीमागे बांधले.

शेतातून कोणीतरी ओरडलं, "अहो शिदबा, धरा की!"

"थांबू दे," शिदबा म्हणाला.

थांबली. ओढ्यात थांबली. मग शिदबा शांतपणे पाण्यात उतरला आणि पिशवी काढून घेऊन आला.

शिदबा दुकानात आला. एका डोळ्यानं मामा पॉलिशच्या डब्यातून गळणारं ओढ्याचं पाणी बघत होता.

"शिदबा, हलणारी वस्तू दिसली की तिला आवळायचं असतं रे! फळी असो, स्कूटर असो. हललं की घात. शिकंजा लावायचा, घट्ट पिळायचा, मग पुढचं काम."

"हललं की आवळायचं," शिदबा म्हणाला. आणि खरंच, फळ्या त्यानं इतक्या सुरेख आवळल्या आणि इतक्या सरळ कापल्या, की मामा खुर्चीतून उठून बघायला आला.

एवढ्यात सरपंच रंगराव काम बघायला आले. बाकावर बसले. रंगरावांना बसल्याबसल्या पाय हलवायची सवय. डावा गुडघा सारखा वरखाली. शिदबानं तो गुडघा पाहिला. त्यानं एक शिकंजा आणला आणि लेंग्याचं टोक बाकाच्या पायाला पक्कं आवळून टाकलं. रंगराव मामाशी बोलण्यात गुंगलेले. निरोप घेऊन उठले, तेव्हा बाकही उठला. पुढे रंगराव, मागे बाक, मधे लेंगा. लेंगा फाटला.

"हलत होते," शिदबा म्हणाला.

रंगरावांची समजूत काढण्यात मामाची संध्याकाळ गेली. तरीही दार दुसऱ्या कोणाला द्यायचं त्याच्या मनात येईना. पोराचा हात खरोखर चांगला होता. त्यानं शिदबाला जवळ बसवलं.

"आता लाकडाचंच सांगतो. फक्त लाकडाचं. हे पातं खालून वर येतं, म्हणून कुसळं वरच्या बाजूला निघतात. तेव्हा चांगली बाजू खाली ठेवायची. काप मधूनच सुरू करायचा नाही, मशीन उसळतं. एका टोकाला सुरू, दुसऱ्या टोकाला बंद. आणि पातं वस्तूच्या जाडीपेक्षा जरासंच बाहेर ठेवायचं."

शिदबानं ते पाठ केलं. दार झालं. काय दार झालं! मधोमध सागाच्या रेषा अशा जुळल्या होत्या, की पाणी वाहतंय असं वाटावं. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. शिदबाच्या पाठीवर मामाचा हात बराच वेळ राहिला.

उद्घाटनाचा दिवस ठरला. जाहिरातीचे कागद चिकटवायला शिदबालाच पाठवलं, आणि त्यानं पन्नास कागद छापील बाजू भिंतीकडे करून चिकटवले. गावभर कोरे कागद लागलेले पाहून हे काय प्रकरण आहे ते विचारायला सगळं गाव वाचनालयापाशी आलं. म्हणून गर्दी मात्र तुफान झाली.

वाचनालयासमोर मांडव घातला होता. व्यासपीठ दाराच्या अगदी विरुद्ध टोकाला, त्यामुळे लोकांची पाठ दाराकडे. दारावर लाल फीत. अनसूयाबाईंच्या हातात कात्री दिली, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझे हात थरथरतात. आणि दार शिदबानं केलंय. फीत त्यानंच कापावी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिदबा घाबरला. त्यानं मामाकडे पाहिलं.

मामा म्हणाला, "जा, काप. घाबरू नकोस. मी शिकवलंय तसं काप."

"तुम्ही शिकवलंय तसं?"

"अगदी तसंच."

"त्याआधी माझे दोन शब्द," असं म्हणून रंगरावांनी खिशातून सात पानं काढली. लोक तिकडे वळले. रंगराव कागदात मान घालून वाचू लागले.

शिदबा दुकानात जाऊन मशीन, शिकंजे आणि फळ्या ठेवायचे दोन लाकडी घोडे घेऊन आला. फीत पाहिली. ती वाऱ्यावर हलत होती. आवळायला हवी. पण आवळणार कशावर? खाली आधार हवा. त्यानं बिजागऱ्यांच्या सळया काढल्या, दार उतरवलं आणि दोन घोड्यांवर आडवं ठेवलं. चांगली बाजू खाली. त्यावर फीत या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून दोन्ही टोकांना शिकंजे पिळले. जाडी मोजली. दार दीड इंच, वर फीत. पातं जरासं जास्त बाहेर काढलं. बोटं वाचवणारं पात्यावरचं झाकण नीट परत बसतंय ना, ते बघितलं. बाह्या वर दुमडल्या, चष्मा लावला, वायर मागे घेतली. मग प्लग लावला.

रंगराव सहाव्या पानावर होते. तेवढ्यात असा आवाज झाला, की कर्ण्याचा आवाजही त्यात बुडाला. सगळं गाव वळलं. मामा "अरे! अरे!" करत धावला, पण खुर्च्या मधे आल्या. शिदबानं मान वर केली नाही. एका टोकाला सुरू केलं, दुसऱ्या टोकाला बंद केलं. काप कसा, दोरी ओढल्यासारखा सरळ. दाराचा खालचा अर्धा तुकडा धाडकन जमिनीवर पडला.

शिदबानं बटण सोडलं. पातं थांबेपर्यंत वाट पाहिली. प्लग काढला. चष्मा काढला. मग उभ्या चिरलेल्या फितीच्या दोन लांब पट्ट्या दोन हातांत धरून वर केल्या.

"मामा, बघा. एक दोरासुद्धा निघाला नाही."

मामा मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला. शेवटी अनसूयाबाई पुढे आल्या. त्यांनी दाराच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं, मग शिदबाकडे.

"बाळा," त्या म्हणाल्या, "अरे, फितीसाठी ही कात्री होती ना?"

"पाहिली मी ती, बाई," शिदबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "पण तिच्या पात्याला झाकणच नाही. कुणाचं तरी बोट गेलं असतं."

बाईंनी हातातल्या कात्रीकडे एकदा पाहिलं आणि ती अगदी जपून तबकात ठेवून दिली.