दुधाळांचा पहिला दिवस

"मग काढून टाकू ना त्या दुधाळला, अप्पा?"

हणमंताने हे तिसऱ्यांदा विचारलं.

नदीवर पोरांना पोहायला शिकवणारं पथक अप्पांनी उभं केलेलं. अप्पा थकले, तसं ते हणमंताच्या हाती आलं. पाण्यात हणमंत वाघ, पण बोलण्यात कायम नाकाने कांदे सोलणारा. चार दिवसांपूर्वी इंगळ्यांची गौतमी, नऊ वर्षांची पोर, डोहात बुडाली होती. घाटावर देखरेखीला होता हा मनोहर दुधाळ, गावचा पोस्टमन. बिचारा आपणहून मदतीला आलेला, आणि तो त्याचा पहिलाच दिवस.

गाव जाब मागत होतं. संध्याकाळी सभा होती. अप्पांनी नुसतं हो म्हणायचं, की सगळं दुधाळच्या माथी मारून पथक मोकळं. किती सोपं काम!

"आहे कुठे तो?" अप्पांनी विचारलं.

"बाहेर ओट्यावर बसलाय. चार दिवस अन्नाला शिवला नाही म्हणे."

"त्याला डोह ठाऊक होता?"

"सगळ्यांना ठाऊक आहे, अप्पा! काळ्या खडकापलीकडे पोरं सोडायची नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल."

"त्याला कुणी सांगितलं?"

हणमंताने मान फिरवली.

"नव्याला आम्ही सांगत नाही. पहिल्या दिवशी शिट्टीसुद्धा देत नाही. एकटं सोडायचं आणि दुरून बघायचं. पाण्यात पडलं की पोहता येतं! ज्याच्यात दम असतो, तो टिकतो."

"ही रीत कुणाची?"

"माझी... पण माणूस पारखला जातो त्यात."

"तुला डोह कुणी दाखवला होता रे?"

हणमंताला ते जुने दिवस आठवले...

तेव्हा तो तेविसाचा, चांगला मिशीवाला गडी. महिनाभर अप्पा त्याचं मनगट धरून डोहाच्या कडेकडेने चालले होते. घाटावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"तुम्ही," तो म्हणाला. मग एकदम उसळला, "पण अप्पा, पंचेचाळीस वर्षांचा घोडा तो! त्याचा काय हात धरायचा?"

अप्पा काठी टेकत उठले आणि बाहेर गेले.

दुधाळच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. अप्पांनी वाकून त्याचं मनगट धरलं आणि त्याला उभं केलं. एवढा मोठा बाप्या, पण हुंदक्यांनी गदगदून गेला.

"चला, मनोहरराव. सभेला आपण दोघं जाऊ."

हणमंत धावत उंबऱ्यापर्यंत आला.

"अप्पा, लोक विचारतील! काय सांगणार तुम्ही?"

"हे कुठे उभे होते, ते मी सांगेन..." अप्पा मागे न वळता म्हणाले. "तू कुठून बघत होतास, ते तू सांग."