खैरमाळचा हैबती मार खायला शिकला, त्याची गोष्ट

शिरई नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या जंगलात भरदिवसाही माणूस एकटा जात नसे, त्या काळातली ही गोष्ट. नदीच्या अलीकडे खैरमाळ नावाचं गाव आहे. त्या गावात हैबती नावाचा एक लाठीवाला होऊन गेला.

हैबती एवढा उंच होता की स्वतःच्या घरातही त्याला वाकून शिरावं लागे. जत्रेत तो लाठी फिरवायला उभा राहिला की डफवाल्यांचे हात थकायचे, पण लाठी थांबायची नाही. लोक चारी बाजूंनी त्याच्यावर ज्वारीचे दाणे फेकायचे आणि एकही दाणा त्याच्या अंगाला शिवायचा नाही, असं म्हणतात. मनाने मात्र तो लोण्यासारखा. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. लहानपणी लाडका म्हणून त्याच्यावर कुणी हात उगारला नाही, आणि मोठेपणी त्याचा देह बघून कुणाची तशी छाती झाली नाही. असा तो माणूस जन्मात कधी मार न खाताच चाळिशीला आला.

एका वर्षी सुगी सरली आणि भर दुपारी काळ्या पागोट्यांची टोळी नदी उतरून आली. त्यांना गुरं न्यायची होती. गाव घाबरलं नाही, कारण हैबती होता. तो नदीच्या उतारावर उभा राहिला आणि लाठी अशी फिरवू लागला की नुसता वारा घुमावा. टोळीचा नाईक थोडा वेळ मान वाकडी करून बघत राहिला. मग हसला, सरळ चालत आत शिरला आणि हैबतीच्या खांद्यावर त्याने एक सोटा हाणला.

फार जोराचा नव्हता तो. पण हैबतीचे डोळे मिटले. श्वास अडकला, हातातली लाठी गळून पडली. डोळे उघडले तेव्हा समोर नुसती धूळ होती. गावाचे बैल गेले होते, दुभती गुरं गेली होती, आणि त्यांना अडवायला धावलेला म्हातारा गुराखी संभूबाबा पाय मोडून कण्हत पडला होता.

गावातलं कुणीही हैबतीला एका शब्दाने बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

त्याने लाठी आढ्याला खोचली आणि भाकरीवरून उठून गेला. त्याची बायको ठकूबाई, त्याच्या छातीशी येईल एवढीशी, पण जिभेची खमकी. तिने एक दिवस त्याला अंगणात गाठलं.

“लई लागलं व्हतं का?”

“लागलं न्हाई गं,” हैबती म्हणाला. “डोळं मिटलं. लाठी माझ्या हातात व्हती, आन् मला कायबी दिसंना.”

ठकूबाई म्हणाली, “तुमास्नी मारायचं म्हाईत हाय, खायचं म्हाईत न्हाई. अंगाला सवयच न्हाई, तर त्यानं काय करावं?”

“मग तू मार मला.”

ठकूबाई आधी हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिने फाटकी वाकळ उसवून त्या चिंध्या एका काठीला गुंडाळल्या. संभूबाबाने मोडका पाय लांब करून, ओसरीत बसल्या बसल्या, त्यावर जुन्या मोटेचं कातडं शिवून दिलं. त्या काठीला खैरमाळात गदगा म्हणतात.

पहिल्या सकाळी गदगा अंगाला लागायच्या आधीच हैबतीचे डोळे मिटले आणि तोंड फिरलं. ठकूबाई म्हणाली, “हळू मारते. तुमी काय बी करू नगा, निस्तं बघा. आन् श्वास सोडा, म्हशीवानी कोंडून धरू नगा.”

ती हळू मारायची, तो बघायचा. बघायला जमलं तसं तिने जोर वाढवला. मग तो पाय हलवू लागला, वार काठीवर घेऊ लागला. शेजारणी सकाळी धप्प असा आवाज आणि त्यामागून “आई गं!” ऐकायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एक दिवस ठकूबाईने बरगडीवर अगदी मनापासून हाणला, तरी हैबती ओरडला नाही. लहान पोरासारखा खुलून म्हणाला, “ठकू, दिसलं! मारायच्या आधी तुझा खांदा उचलतो!”

पण समोरच्या जित्या माणसावर वार करणं त्याला त्याहून अवघड गेलं. हवेत लाठी फिरवणं वेगळं आणि कुणाला लागेल अशी मारणं वेगळं. ठकूबाईने हट्टच धरला, तेव्हा कुठे त्याचा पहिला वार तिच्या दंडावर बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ठकूबाईने दंडावर हळद चोपडली आणि ओरडली, “रडायचं मागनं! आधी काठी वर धरा, न्हाईतर अजून एक खाल!”

हळूहळू शेजारणींचं हसू थांबलं आणि त्या विचारू लागल्या, आम्हालाही शिकवाल का? मग लोहाराचा चिमाजी आला, कुंभाराची सून रखमा आली, पुजाऱ्याचे भाऊ आले. अंगण पुरेना, म्हणून सगळे नदीच्या वाळूत खेळू लागले. हैबतीने एकच नेम घालून दिला. ज्याने मारलं, त्यानेच हळद लावायची.

पुढच्या सुगीला काळी पागोटी पुन्हा आली. हैबती उतारावर उभा होता. या वेळी त्याने लाठी फिरवली नाही. नाईक हसत पुढे आला आणि त्याने जीव खाऊन सोटा हाणला. हैबतीच्या खांद्यावर त्या सोट्याचे तुकडे झाले, असं म्हणतात. दुसरा सोटा आणला, त्याचेही तुकडे झाले. हैबती श्वास सोडत होता आणि बघत होता. शिरई नदीसुद्धा वाहायची थांबून बघू लागली, पात्रातले मासे उघडे पडले, असं म्हणतात. मग तिसरा सोटा उगारताना नाइकाचा खांदा वर गेला आणि हैबतीने त्याच्या मनगटावर एकच वार केला. नाईक मटकन खाली बसला. मागे उभ्या टोळीने पाहिलं, तर हैबतीच्या पाठीशी सगळं गाव काठ्या धरून उभं, आणि एकाचीही नजर खाली नाही. टोळी आल्या पावली पळाली.

हैबतीने खाली बसून नाइकाचा हात हातात घेतला. “लई लागलं का?” त्याने विचारलं आणि कमरेला बांधलेली हळदीची पुरचुंडी सोडली. आपल्याला लागलं का, हे त्या माणसाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो ढसाढसा रडला. महिना उलटायच्या आत गेलेली गुरं परत आली, काही वासरं जास्तच आली. आणि नाईक दर जत्रेला येऊन हैबतीकडून हौसेने मार खाऊन जाऊ लागला.

त्या दिवसानंतर हैबतीची पापणी लवलेली कुणी पाहिली नाही, असं म्हणतात. वादळात नाही, उन्हात नाही, आणि म्हातारपणी प्राण गेला तेव्हाही नाही. ठकूबाईने गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आता मिटा. म्या बघते हितलं.” तेव्हा ते डोळे मिटले.

आज शिरईवर पूल आहे. खैरमाळची मुलं डोक्याला टोप आणि हातात मोजे घालून तालुक्याच्या स्पर्धांना जातात. पण पहिल्यांदा खरी लढत खेळायच्या आधी प्रत्येकाला नागपंचमीला नदीच्या वाळूत उभं राहावं लागतं. तिथे हैबतीबाबाच्या नावाने पहिला गदगा खायचा असतो, आणि तो परक्याकडून नाही, आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाकडून.

गेल्या वर्षी कुंभारांची वैजू उभी राहिली. गदगा तिच्या आईच्या हातात होता. आईने तो उचलला आणि तसाच धरून ठेवला. डोळे घट्ट मिटलेले होते.

वैजू पाय रोवून म्हणाली, “आई, डोळे उघड. आणि मार.”