पहिली गाठ

सुगरण पक्ष्यांच्या त्या राज्यात विहिरीवरच्या बाभळीची फांदी मिळाली तरच संसार उभा राही. बाकीच्या झाडांवर साप चढत.

फांदी हवी तर विणकामाची पदवी घ्या, असे विद्यापीठ सांगे आणि भाबडे आईबाप ते खरे मानत. विद्यापीठात गवताची एकच जुडी होती. पोरांनी चोच लावली तर ती खराब होईल, या धास्तीने आचार्यांनी ती काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. मग पोरे तीन वर्षे गाठींची नावे घोकत. हेमकंठाला एकशे बारा नावे तोंडपाठ होती. पोपटांनीही मान खाली घालावी अशी त्याची घोकंपट्टी. पहिला नंबर घेऊन, छाती फुगवून तो थेट बाभळीवर गेला. सोबत त्याची भुरकी होती. तिची अंडी दोन दिवसांवर आली होती.

बाभळीचा मुकादम म्हातारा, डोळ्याने अधू आणि तोंडाने फटकळ. त्याची रीत एकच: पहिली गाठ सगळ्यांसमोर मारायची. हेमकंठाने नावे सुरू केली. सतराव्या नावाला मुकादम म्हणाला, "नावं राहू दे, बाळा. पातं घे."

पहिले पाते निसटले. दुसरे तुटले. तिसरे त्याच्याच पायात अडकले, तेव्हा सारी बाभूळ खदाखदा हसली. हसणाऱ्यांत त्याच्या वर्गातले सहा जण होते. त्यांची सकाळीच जिरली होती. आता दुसऱ्याची जिरताना बघायची, एवढेच सुख त्यांना उरले होते. हेमकंठाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"दिवस मावळेपर्यंत थांबतो," मुकादम म्हणाला. "मग फांदी दुसऱ्याची."

भुरकी शेजारची घरटी न्याहाळू लागली, आणि ते त्याला जास्त झोंबले.

हेमकंठ तणतणत विद्यापीठाकडे उडाला. माझी तीन वर्षे खाल्लीत, आता एक गाठ तरी शिकवा, असे तो आचार्यांना तोंडावर सुनावणार होता.

आचार्य वर्गात नव्हते. ते मागच्या बोरीवर सापडले. त्यांचे घरटे एका अंगाने सुटले होते आणि मजुरीवर आणलेला एक अडाणी पक्षी ते विणत होता. आचार्य मान वाकडी करून त्याच्या चोचीकडे एकटक बघत होते.

हेमकंठाने हाक मारली. वळून न बघताच आचार्यांनी त्याला पंखाने दटावले.

"थांब जरा. आत्ता कुठं गाठ दिसायला लागलीय मला."