पावसावरची बंदी

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठच्या वाळूत प्राण्यांच्या कुस्त्या रंगायच्या. बेडकानं डराव डराव केलं की पाऊस यायचा आणि मग त्या निसरड्या बेडकाला कुणी धरूच शकायचं नाही. म्हणून पंच असलेल्या कासवानं पाऊस बोलवायला बंदी घातली.

तेव्हापासून दरवर्षी जाड कातडीची घोरपडच जिंकायची. कुस्तीची वेळ मागच्या विजेत्यानं ठरवायची, असा रिवाज होता.

"पंचकाका, बंदी उठवा की," बेडूक म्हणाला.

"आभाळाशी लबाडी चालायची नाही!" घोरपड फिस्कारली.

पाण्यात बसून पेंगतच निवाडे देणारं कासव स्वप्नात चालल्यासारखं पहिल्यांदाच वाळूवर आलं. त्याचे पाय चांगलेच पोळले.

"घोरपडबाई, यंदा वेळ कोणती?"

"नेहमीचीच. भर दुपारची."

कासव वाळूवर नाचणाऱ्या झळांकडे पाहत राहिलं.

"बेडका," ते हळूच म्हणालं, "घसा साफ कर."