पन्हळीपलीकडचे हत्ती

देवळाचे दगड अजून बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. महादेवाला प्रदक्षिणा घालताना अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नाही, तिथूनच मागे फिरायचं, हे चिंगी खारीला ठाऊक होतं.

पण एका संध्याकाळी भिंतीवरचा कोरीव हत्ती हसला, "फिरतेस काय? घाबरट कुठली! आम्ही सगळे ओलांडून आलो."

ते चिंगीला लागलं. तिनं उडी मारली, तर पलीकडे दगडी हत्तींची रांग देवळाभोवती चालतच होती.

"घरी पिल्लू एकटं आहे हो, हत्तीदादा! परत कधी फिरायचं?"

"पुढचा फिरला की."

रांगेत चालता चालता तिचे पाय गार पडले, मग दगड झाले.

सकाळी आईला शोधत आलेलं पिल्लू पन्हळीपाशी थबकलं. भिंतीतून ओळखीचा आवाज आला, "थांबलास काय? घाबरट कुठला! आम्ही सगळे ओलांडून आलो."