सरपंचांची काहील

त्या दिवशी वळवाची सर येऊन गेली होती आणि कोवळं ऊन पडलं होतं. सरपंच भूपालराव चावडीवर सांगत होते, "नवी अंगणवाडी नदीकाठी, माझ्या घराशेजारीच बांधू. तिथं कधी पाणी चढत नाही."

म्हाताऱ्या यसबाआप्पाची नात यंदा अंगणवाडीत जाणार होती, आणि त्या काठावरचा पूर त्यानं पाहिला होता. तो सावकाश उठला. "मग सरपंच, दाराशी बांधून ठेवलेली तुमची गूळ शिजवायची ती मोठी पसरट काहील दसऱ्यापर्यंत द्या की. म्हशींना पाणी पाजायला होईल."

"पावसाळ्यात? आणि पूर आल्यावर आम्ही बसायचं कशात?" भूपालराव बोलून गेले.

चावडी खदखदून हसली. शेवटी भूपालरावही हसले आणि अंगणवाडी वरच्या माळावर ठरली.

परतताना शेजारची हौसाक्का म्हणाली, "आप्पा, म्हशी राहू देत तहानलेल्या. पोरांचे पाय तेवढे कोरडे राहिले बघा."