पालथा वाडगा

"पण गुरुजी, यातला माझ्या आजोबांचा वाडगा कोणता?"

विचारणारा पेइशेंग समुद्रापारच्या, मलेशियातल्या पेनांगहून आला होता. दक्षिण चीनमधल्या डोंगराआडच्या या गावात सगळे एकाच कुळातले, कुआंग आडनावाचे. तोही कुआंगच, पण गावात पाऊल पहिल्यांदाच टाकत होता. कुळाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि सकाळपासून तो भेटेल त्याला ऐकवत होता.

म्हातारे शोयी गुरुजी पूर्वजांचं दालन सांभाळत. त्यांनीही तो इतिहास सगळा ऐकून घेतला होता.

गावाची एक रीत होती. पोटासाठी समुद्रापार निघालेला माणूस आपला जेवायचा वाडगा दालनातल्या फळीवर पालथा घालून जाई. परतला की तोच सुलटा करून त्यात जेवे.

फळीवर पालथ्या वाडग्यांची दाटी होती.

"नावं कुणी घातली नाहीत त्यांवर," गुरुजी म्हणाले.

"मग ओळखायचं कसं?"

"ज्याचा त्याला ओळखू येई."

...

पेइशेंगचा ऐटबाज आवाज खाली आला. "आजोबा शेवटपर्यंत जेवताना म्हणायचे, तिकडे माझा वाडगा वाट बघतोय. त्यांना येता आलं नाही. मला तो न्यायचाय, गुरुजी. त्यांच्या तसबिरीपुढे ठेवायचाय."

"ने की. हवा तो उचल."

"हवा तो कसा चालेल? एवढ्या लांबून आलोय मी."

गुरुजींनी फळीकडे बोट केलं.

बऱ्याच वेळाने पेइशेंगने एक उचलला. निळ्या रेघेचा, कड उडालेला. गुरुजींनी तो पुसून घेतला, आत जाऊन चुलीवरचा गरम भात वाढून आणला.

"आधी जेव."

तो उंबऱ्याशी बसून जेवला. मधेच त्याला रडू कोसळलं. आजोबांची इतकी आठवण त्याला ते गेले त्या दिवशीही आली नव्हती. गुरुजी शेजारी बसून राहिले. समजूत वगैरे काही घातली नाही.

जेवण झाल्यावर त्याने वाडगा धुतला, कोरडा केला आणि रुमालात बांधला. बाहेर गाडी उभी होती.

"निघतो, गुरुजी. आजोबांचं राहिलेलं जेवण आज झालं."

"झालं. या वाडग्याचं त्यांची वाट बघणं संपलं."

"मग नेऊ ना?"

...

"यात आता तू जेवलास, बाळा. हा नेलास, तर इथे तुझी वाट कोण बघेल?"